शाळेचे पैसे घरी आले तर? ॲरिझोनातल्या एका स्कॉलरशिपचा अभ्यास

गेल्या जूनमध्ये आमची सेमिस्टरची परीक्षा संपली, त्याच रात्री ताईचा मेसेज आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ती नर्स आहे. आठवड्यातल्या तीन रात्री हॉस्पिटलमध्ये असते आणि बाकीच्या दिवसांत नऊ वर्षांच्या मुलाला घरीच शिकवते. मेसेज एवढाच होता : "मराठीचा सिलॅबस करून देशील? बारा आठवड्यांचा. पुस्तकांच्या बिलाला जोडायचाय."

मला वाटलं, चेष्टा करतेय. खडेबाजारातून मी तिच्यासाठी सहा पुस्तकं घेऊन ठेवली होती. एक अंकलिपी, एक सुलेखनाची वही आणि चार चित्रांच्या गोष्टी. सगळं मिळून बिल ६४० रुपये. मावशी पुढच्या महिन्यात जाणार होती, तिच्या बॅगेतून ती जायची होती. सहा बालपुस्तकांना सिलॅबस कशाला?

रविवारी मिस्सा झाल्यावर तिला फोन केला, तेव्हा तिनं समजावलं. तिच्या मुलाच्या शिक्षणाचे पैसे राज्य सरकार एका खात्यात भरतं. त्या खात्यातून ती घरी शिकवायची पुस्तकं घेते. पण घेतलेली वस्तू शिक्षणासाठीच आहे, हे दाखवावं लागतं. गोष्टीचं पुस्तक नुसतं गोष्टीचं पुस्तक असून चालत नाही, ते कुठल्या तरी अभ्यासक्रमात बसावं लागतं.

साहित्याच्या विद्यार्थिनीला हे ऐकून गप्प बसवेल का? पुढचे दोन महिने मिळेल तेव्हा हाच विषय वाचत बसले. आपल्या मंडळात कुणाचा तरी भाऊ, बहीण, मामा परदेशात असतोच, आणि "मुलाला मराठी कसं शिकवू" हा प्रश्न फिरून फिरून येतोच. म्हणून जे समजलं ते इथे क्रमानं मांडते.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

या विषयात तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली, मुलाला शाळेत न पाठवता शिकवण्याचा हक्क. दुसरी, त्यासाठी सरकारी पैसा मिळणं. तिसरी, त्या पैशाचा हिशेब देणं.

हक्काची गोष्ट जुनी आहे आणि तिच्या मुळाशी, मला वाचताना नवल वाटलं, सिस्टर्स आहेत. १९२२ साली ओरेगॉन राज्यातल्या मतदारांनी एक कायदा मंजूर केला : आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे. म्हणजे कॅथलिक शाळा बंदच पडणार. 'होली नेम्स' या संस्थेच्या सिस्टर्स कोर्टात गेल्या, त्यांच्याबरोबर एक लष्करी शिक्षणाची खासगी शाळाही होती. १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो कायदा रद्द केला. निकालाचा आशय असा की मूल ही सरकारची मालमत्ता नाही. त्याला कसं घडवायचं हे ठरवण्याचा अधिकार आईवडिलांना आहे. तो निकाल खासगी शाळांबद्दल होता, घरच्या शिक्षणाबद्दल नव्हता. तरी पुढे घरी शिकवणाऱ्या पालकांनी आपली बाजू मांडताना त्याचाच आधार घेतला. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे. नियम मात्र राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत.

पण त्या निकालानं सिस्टर्सना एक डॉलरही मिळाला नाही. शाळा चालवायचा हक्क मिळाला, शाळा चालवायचे पैसे नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो परत परत येणार आहे.

पैशाची कल्पना नंतरची. १९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी एका निबंधात सुचवलं की सरकारनं शिक्षणाला पैसा द्यावा, पण शाळा सरकारनंच चालवली पाहिजे असं नाही. पालकांच्या हातात व्हाउचर द्या, शाळा ते निवडतील. १९९० मध्ये मिलवॉकी शहरात गरीब घरांतल्या मुलांसाठी अशी व्हाउचर योजना सुरू झाली. व्हाउचर म्हणजे सोप्या भाषेत शाळेच्या फीचं कुपन. ते शाळेतच चालतं, पुस्तकांच्या दुकानात चालत नाही.

मग घरात वही-पुस्तक आणायला त्याचा उपयोग कसा होऊ लागला? त्याचं उत्तर ॲरिझोनात सापडतं, आणि गंमत म्हणजे ते एका हरलेल्या खटल्यातून निघालं.

हरलेला खटला आणि नवी वाट

२००६ मध्ये ॲरिझोनानं दोन व्हाउचर योजना आणल्या. एक दिव्यांग मुलांसाठी आणि दुसरी पालकांपासून दुरावून दुसऱ्या कुटुंबात सांभाळल्या जाणाऱ्या मुलांसाठी. उद्देश चांगला होता. पण राज्याच्या घटनेत एक कलम आहे : सार्वजनिक पैसा कुठल्याही चर्चच्या किंवा खासगी शाळेच्या मदतीला देता येणार नाही. २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं या कलमावर बोट ठेवून दोन्ही योजना घटनाबाह्य ठरवल्या. कारण व्हाउचर पालकाच्या हातात दिलं तरी ते वटणार एकाच ठिकाणी, खासगी शाळेत. पालकाला दुसरं काही करताच येत नव्हतं.

२०११ मध्ये कायदा करणाऱ्यांनी वेगळी रचना केली. कुपनऐवजी खातं. नाव 'एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट', बोलताना सगळे 'ई-एस-ए' म्हणतात. त्या खात्यातून शाळेची फी भरता येते, तशीच खासगी शिकवणी लावता येते, उपचारात्मक शिक्षण घेता येतं, अभ्यासक्रम विकत घेता येतो, उरलेले पैसे पुढच्या वर्षी, अगदी कॉलेजसाठीही ठेवता येतात. यावरही खटला झाला. पण २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं योजना वैध ठरवली. इथे पैसा कुठल्या शाळेला जायचा हे आधी ठरलेलं नाही, पालकापुढे अनेक वाटा खुल्या आहेत, असं त्यामागचं कारण होतं.

मी हे दोनदा वाचलं. आपल्याला वाटतं, घरचा अभ्यासक्रम घेण्याची सोय म्हणजे अशा योजनेच्या शेपटीला लावलेली सवलत. इथे उलटं आहे. पुस्तकं, शिकवणी, साहित्य अशी मोठी यादी होती म्हणून योजना कोर्टात टिकली. नुसती फी असती तर ती आधीच्या व्हाउचरसारखीच पडली असती.

सुरुवातीला हे खातं फक्त दिव्यांग मुलांसाठी होतं. मग हळूहळू इतर गट आले : सैन्यातल्या लोकांची मुलं, आदिवासी राखीव प्रदेशातली मुलं, कमी दर्जा मिळालेल्या सरकारी शाळांतली मुलं. सगळ्यांनाच ते द्यावं असा कायदा झाला, तेव्हा २०१८ मध्ये त्यावर सार्वमत घेतलं गेलं आणि मतदारांनी मोठ्या फरकानं तो फेटाळला. तरी २०२२ मध्ये विधिमंडळानं पुन्हा कायदा केला आणि राज्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला खातं खुलं झालं. त्याआधी सुमारे १२ हजार मुलं या योजनेत होती. २०२४ मध्ये ती संख्या ७० हजारांच्या वर गेली.

खातं चालतं कसं

ताईच्या घरी जे घडतं त्यावरून सांगते.

सर्वसाधारण मुलाला वर्षाला सुमारे ७ हजार डॉलर मिळतात. आपल्या पैशात सहा लाखांच्या आसपास. राज्य एरवी त्या मुलावर जेवढा खर्च करणार होतं त्याच्या सुमारे ९० टक्के, असा हिशेब आहे. दिव्यांग मुलांसाठी रक्कम वाढते. पैसे तीन-तीन महिन्यांनी जमा होतात. रोख हातात येत नाही. एका ऑनलाइन यंत्रणेतून खरेदी करायची किंवा आधी खिशातून भरून बिल दाखवून परत घ्यायचे.

दरवर्षी पालक करारावर सही करतात. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

एक : मुलाला वाचन, व्याकरण, गणित, सामाजिक शास्त्रं आणि विज्ञान शिकवू, असं वचन द्यावं लागतं.

दोन : मूल सरकारी शाळेत घालता येत नाही आणि त्या भागातल्या शाळा-प्रशासनाची त्याला शिकवण्याची जबाबदारी संपते. हे ऐकायला किरकोळ वाटतं. ताईच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. शाळेत त्याला विशेष शिक्षिका मिळत होती. सही केली त्या दिवशी तिच्यावरचा हक्क सुटला. "सही करताना हात थांबला होता माझा," असं ती म्हणाली.

तीन : कायद्याच्या भाषेत हे मूल 'होमस्कूल'चं नाही. घरी शिकवणारे पालक काउंटीच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्र देतात. ई-एस-ए घेणाऱ्यानं ते द्यायचं नसतं. दोन्ही घरांत आई टेबलाशी बसून तीच पुस्तकं शिकवत असेल, तरी कागदावर ती दोन वेगळी घरं आहेत. एकाला पैसे नाहीत आणि विचारणाराही जवळजवळ कुणी नाही. दुसऱ्याला पैसे आहेत आणि करार आहे.

फ्लोरिडातही असंच झालं. तिथे २०२३ च्या कायद्यानं घरी शिकणाऱ्या मुलांसाठी 'पर्सनलाइज्ड एज्युकेशन प्रोग्रॅम' आला. तिथे मुलाची शिक्षणाची योजना लिहून द्यावी लागते आणि दरवर्षी एक प्रमाणित परीक्षा द्यावी लागते. ॲरिझोनात अशी परीक्षा सक्तीची नाही. टेक्सासनं २०२५ मध्ये कायदा केला, पण घरी शिकणाऱ्या मुलाला जास्तीत जास्त २ हजार डॉलर, खासगी शाळेत जाणाऱ्याला त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे 'अमेरिकेत असं आहे' असं म्हणून चालत नाही, कुठलं राज्य ते आधी विचारायला हवं.

घरी शिकवणाऱ्या सगळ्यांना हे पैसे हवेत असंही नाही. त्यांची जी जुनी आणि मोठी कायदेविषयक संघटना आहे, तिनंच घरच्या शिक्षणात सरकारी पैसा आणायला विरोध केलाय. आज पैसे येतील, उद्या त्यामागून नियम येतील, आणि चाळीस वर्षं भांडून मिळवलेली मोकळीक जाईल, अशी त्यांची भीती आहे.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही ऐकायला हवा. २०२२ मध्ये योजना सगळ्यांना खुली झाली तेव्हा पहिल्या लाटेत अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलं आधी सरकारी शाळेत नव्हतीच, असं राज्याच्या शिक्षण खात्याच्याच आकड्यांत दिसलं. म्हणजे शाळा सोडून निघालेल्यांपेक्षा आधीच स्वतःच्या पैशानं शिकणारे जास्त. शिवाय घरी शिकवायला घरी कुणीतरी असावं लागतं. ताई रात्रपाळी करते म्हणून दिवसा शिकवू शकते, आणि झोपते कधी, हे मी तिला विचारायचं टाळते.

अभ्यासक्रम निवडताना

पैसे आले म्हणून निवड सोपी होत नाही. तिथे घरच्या शिक्षणाची पुस्तकं हा मोठा बाजार आहे. व्हर्जिनियातली 'सेटन होम स्टडी स्कूल' ही कॅथलिक संस्था १९८० पासून घरपोच संपूर्ण अभ्यासक्रम देते : सगळे विषय, परीक्षा, प्रगतिपुस्तकासह. मावशीला तेच आवडलं होतं, धर्मशिक्षण त्यातच येतं म्हणून. पण ताईनं सगळा संच एकाच ठिकाणाहून घेतला नाही. तिच्याकडून मी शिकले त्या गोष्टी अशा.

इयत्ता पाहून पुस्तक घ्यायचं नाही, मुलाला काय येतं ते पाहून घ्यायचं. बहुतेक प्रकाशक एक छोटी पातळी-चाचणी देतात. तिच्या मुलाचं वय चौथीचं, पण वाचन पहिलीचं. तिनं 'ऑल अबाउट रीडिंग' घेतलं. त्यात इयत्ता नाही, पातळ्या आहेत. अक्षरांचे रंगीत तुकडे फळ्यावर सरकवत शब्द जुळवायचे असतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी 'ऑर्टन-गिलिंगहॅम' नावाची जुनी पद्धत आहे, म्हणजे अक्षर पाहायचं, म्हणायचं, हातानं गिरवायचं, सगळं एकदम. हा अभ्यासक्रम त्या पद्धतीवर बेतलाय.

गणितासाठी 'मॅथ-यू-सी' घेतलं. त्यात पुस्तकांना इयत्तांऐवजी ग्रीक अक्षरांची नावं आहेत : अल्फा, बीटा, गॅमा. मुलगा गॅमा करतोय, म्हणजे गुणाकार. "पुस्तकावर दुसरीचं असं लिहिलं असतं तर त्यानं उघडलंही नसतं," ताई म्हणाली. एवढीशी गोष्ट, पण मला ती फार पटली.

आणखी एक, शिक्षकाचं पुस्तक आणि मुलाचं पुस्तक वेगळं असतं. पहिलं जपलं तर धाकट्या भावंडाला चालतं, दुसरं लिहून संपतं. दरवर्षी फक्त दुसरं घ्यायचं. आणि दुकानदारानं पैसे परत दिले तर ते खात्यातच गेले पाहिजेत, पालकाच्या खिशात नाहीत. प्रत्येक बिल ती एका फाईलमध्ये लावते. आमची आजी दूधवाल्याचा हिशेब कॅलेंडरवर लिहायची, मला तेच आठवलं.

गोष्टीच्या पुस्तकाला कारण हवं का?

आता मूळ मुद्द्याकडे. योजना वाढली तशी लोक काय काय विकत घेतात यावर चर्चा सुरू झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानं शिक्षण खात्याला कळवलं की अभ्यासाचं पूरक साहित्य घेताना ते कुठल्या अभ्यासक्रमाशी जोडलेलं आहे हे दाखवायलाच हवं, कायद्यात तसंच म्हटलंय. पालकांची बाजू अशी की पुस्तक आणि पेन्सिल यांनाही कारण लिहून द्यायचं का? त्याच वर्षी दोन आईंच्या वतीनं कोर्टात दावाही दाखल झाला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्णपणे त्या आईंच्या बाजूनं होते. पुस्तक म्हणजे पुस्तक! लहानपणी मला कुणी सिलॅबस जोडून गोष्टी दिल्या असत्या तर आज मी मराठी साहित्य घेतलं नसतं.

पण मग ताईनं सांगितलेलं काम करायला बसले आणि माझी खात्री डळमळली.

मराठीचे बारा आठवडे

वहीत चार रकाने आखले : आठवडा, साहित्य, काय करायचं, काय आलं म्हणजे झालं. पहिल्या तीन रकान्यांत अडलं नाही. चौथ्यापाशी पेन थांबला. 'काय आलं म्हणजे झालं?' मुलाला मराठी 'यावं' म्हणजे नक्की काय? बोलावं? वाचावं? आजीशी फोनवर बोलता आलं की झालं? तीन वर्षं मराठीचा अभ्यास करते, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

मग अंकलिपी उघडली. ती 'अ' पासून सुरू होते आणि मुळाक्षरांच्या क्रमानं जाते. हा क्रम सुंदर आहे. कंठापासून ओठांपर्यंत आवाज कसा सरकतो ते त्यात दिसतं. पण ज्या मुलाला आकार चकवतात त्याला घ-ध, भ-म, प-ष या जोड्या छळणार. म्हणून मी आकारानं सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात फक्त तीन अक्षरं : ग, म, न. तिघांनाही उजवीकडे उभा दांडा. त्या तिघांतून शब्द होतात : मन, नग, गगन, नमन, मग. काना नाही, मात्रा नाही, तरी मूल पहिल्याच आठवड्यात पाच खरे शब्द वाचतं. त्यातला 'मग' मला सगळ्यांत आवडला. मावशी गोष्ट सांगताना थांबली की तो फोनवर विचारतो, "मग?" मराठीत तो एवढंच नीट म्हणतो. तोच शब्द त्याला आधी वाचता येईल.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. 'कि' म्हणताना आधी 'क' ऐकू येतो, पण लिहिताना वेलांटी डावीकडे बसते. डावीकडून उजवीकडे एकेक आवाज जोडत वाचायला शिकलेल्या मुलाला ती नक्की पाडणार. म्हणून आधी काना, मग दुसरी वेलांटी, मग उकार, आणि पहिली वेलांटी नवव्या आठवड्यात. जोडाक्षरं या बारा आठवड्यांत नाहीतच.

आणि चित्रांच्या गोष्टी? त्या चार पुस्तकांतलं एक पुस्तक असं निघालं की त्यात पानोपानी जोडाक्षरं होती. मी ते चित्र सुंदर म्हणून घेतलं होतं. रकान्यात बसवायला गेले तेव्हा कळलं, हे त्याला वर्षभर तरी वाचता येणार नाही. ते मी मावशीच्या रकान्यात टाकलं : आजीनं मोठ्यानं वाचायचं, मुलानं चित्र पाहून आपल्या शब्दांत सांगायचं. सिलॅबस करायला लावलं नसतं तर ती चूक माझ्या लक्षात आली नसती. हिशेब द्यायचा म्हणून मला विचार करावा लागला.

अर्थात दर वेळी असं होईल असं नाही. रकाने भरण्यासाठी रकाने भरणारेही असतीलच. पण दुसऱ्याच्या पैशानं शिकवताना 'तू काय शिकवतेस' असं कुणी विचारलं तर तो प्रश्न अपमान नाही, हे मला त्या वहीनं पटवलं. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेतल्या शिक्षणविषयक दस्तऐवजात आईवडील हे मुलाचे पहिले शिक्षक आहेत असं म्हटलंय, आणि त्यांना खरी निवड करता यावी अशा रीतीनं सार्वजनिक मदत मिळावी असंही. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात यातला पहिला भाग कायम सांगितला जातो. पहिल्या शिक्षकानंही पाठ-टाचण लिहायला काय हरकत आहे?

ताईनं काय केलं

सिलॅबस पाठवला. ताईनं वाचला, "किती छान केलंस गं" म्हणाली, आणि मग म्हणाली, "बिल मात्र नाही लावणार मी."

का?

"६४० रुपये आहेत. त्यासाठी आईच्या भाषेचा हिशेब कुणाला द्यायचा? इंग्रजी, गणित यांचा देते ना. मराठी घरचं आहे, घरच्या पैशानंच होऊ दे."

मी दोन दिवस रागावले होते. माझी मेहनत वाया गेली म्हणून थोडं, पण खरं कारण वेगळं होतं. बेळगावात वाढलेल्या मुलीला 'मराठी घरचं आहे' हे वाक्य टोचतं. कुठल्या भाषेत शिकायचं हा आमच्याकडे घरचा प्रश्न कधीच नव्हता. १९९४ मध्ये कर्नाटक सरकारनं पहिली ते चौथी मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच शिकवायचा आदेश काढला, त्यावर वीस वर्षं खटला चालला, आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीनं आईवडिलांचा आहे, सरकार मातृभाषाही लादू शकत नाही. हक्क मिळाला. पण ओरेगॉनच्या सिस्टर्ससारखंच आहे हे : हक्क मिळाला म्हणजे त्या माध्यमाचा वर्ग उघडतो असं नाही. वर्गाला शिक्षक लागतो, शिक्षकाला पगार लागतो, आणि पगार मागायचा तर ही भाषा 'विषय' आहे असं कुणीतरी कागदावर मांडावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं, ताईनं बिल लावायला हवं होतं. ६४० रुपयांसाठी नाही. तपासणाऱ्याच्या टेबलावर इंग्रजी आणि गणिताच्या शेजारी एक मराठीचा कागद पडला असता, बारा आठवड्यांचा, चार रकान्यांचा. नाकारला असता तर नाकारला असता. आम्ही आपण होऊनच त्याला घरचा करून टाकला.

ताईचं म्हणणंही मी पूर्ण खोडू शकत नाही. सगळंच हिशेबात गेलं की आजीची गोष्टही 'पूरक साहित्य' होते. तिला एक कोपरा असा हवा होता जिथे कुणी विचारणार नाही. पैसे घेतल्यापासून तिला तसा कोपरा फारसा उरलेला नाही, हे मला दिसतं. आम्ही दोघी यावर अजून भांडतो.

तूर्त एवढं झालंय : पुस्तकं मावशीच्या बॅगेतून पोहोचली, सिलॅबस फ्रिजवर चिकटवलाय, सहावा आठवडा चालू आहे. दुसरी वेलांटी जमते, उकार अजून उलटा पडतो.

मंडळासाठी एक सूचना

परदेशातल्या नातेवाइकांना आपण मराठी पुस्तकं पाठवतो, ती बहुतेक वेळा कपाटात राहतात. त्याऐवजी मंडळानं बारा आठवड्यांचा एक साधा आराखडा तयार करून पुस्तकांबरोबर पाठवावा. चार रकाने पुरेत. कुठली अक्षरं आधी घ्यायची यावर माझ्याशी वाद घाला, मला चुका हव्यात. आणि जो कुणी हे काम घेईल त्यानं चौथा रकाना आधी भरावा : काय आलं म्हणजे मराठी आली? तो भरल्याशिवाय पुस्तकांच्या दुकानात जाऊ नये. मी गेले होते, म्हणून सांगते.